नवी छोटी गाडी की सात वर्षे वापरलेली मोठी गाडी? (मर्यादा : साडेदहा लाख)

घाटवाट :

नमस्कार. साताऱ्यात आमच्याकडे २०११ ची वॅगनआर आहे. तिला लवकरच पंधरा वर्षे पूर्ण होतील आणि त्यानंतर ठेवायची म्हटली तर फिटनेस, पुनर्नोंदणी, पर्यावरण कर हे सगळे सोपस्कार आले. शिवाय चौघे बसून एसी लावला की आता ती घाटात धापा टाकते. गाडी बदलायची यावर घरात एकमत आहे. कोणती घ्यायची यावर मात्र सरळ दोन तट पडले आहेत.

सौभाग्यवतींचे मत असे की साडेनऊ-पावणेदहा लाखांत रस्त्यावर येणारी एखादी नवी छोटी ऑटोमॅटिक गाडी घ्यावी, म्हणजे एक्स्टर, पंच किंवा स्विफ्ट यांपैकी एक. माझा आणि माझ्या मेहुण्याचा जीव मात्र पुण्यात पाहिलेल्या एका सेदानवर जडला आहे. युरोपीय कंपनीची, २०१८ ची, १.८ लिटर टर्बो पेट्रोल, सात गिअरची ड्युअल क्लच ऑटोमॅटिक, एकच मालक, मीटरवर ६१,००० किलोमीटर, मागणी सव्वादहा लाख. नवी होती तेव्हा या गाडीचा रस्त्यावरचा भाव वीस लाखांच्या पुढे होता. मॉडेलचे नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर हा धागा त्या कंपनीच्या चाहत्यांचे आणि विरोधकांचे रणांगण होईल आणि माझा प्रश्न बाजूला राहील.

वापर असा : वर्षाला नऊ ते दहा हजार किलोमीटर. रोजचे गावातले सात-आठ, महिन्यातून दोनदा पुणे, आणि वर्षातून चार-पाच वेळा कोयनानगरवरून कुंभार्ली घाट उतरून चिपळूणच्या पुढे आमच्या गावी. गाडीत मी, पत्नी, कॉलेजला जाणारी मुलगी आणि एकाहत्तर वर्षांची आई. पाच लाखांपर्यंत कर्ज काढावे लागेल. पुढची सात-आठ वर्षे तरी पुन्हा गाडी बदलण्याची ऐपत नाही आणि इच्छाही नाही.

अनुभवी मंडळींनी मोकळेपणाने लिहावे.

सावकाश :

मी २०२१ मध्ये अशाच पेचात होतो आणि वापरलेली मोठी गाडी घेतली. (माझी जपानी आहे, साधी सीव्हीटी, म्हणजे गिअरच्या पायऱ्या नसलेली ऑटोमॅटिक.) चार वर्षांत एकदाही पश्चात्ताप झाला नाही. द्रुतगती मार्गावर शंभरच्या वेगाने जाताना गाडीत आवाज नसणे म्हणजे काय, हे छोट्या गाडीत बसून कळत नाही. पुण्याहून नागपूरला पोचल्यावर पाठ ते सांगते. पहिल्या मालकाने पहिल्या पाच वर्षांतला मोठा घसारा सोसलेला असतो, त्याचा लाभ आपण का घेऊ नये? आयुष्यात एकदा तरी चांगली गाडी चालवावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

हिशोबनीस :

सावकाश यांचे म्हणणे मनाला पटते, पण घाटवाट यांनी कर्जाचा उल्लेख केला आहे, तेव्हा कागद-पेन्सिल घेऊन बसणे भाग आहे.

आधी कर्ज पाहू. नव्या गाडीला आज साधारण नऊ टक्क्यांच्या आसपास व्याज पडते. सात वर्षे जुन्या गाडीला तेरा टक्के मागितले तरी नवल नाही, आणि काही बँका एवढ्या वयाच्या गाडीला पाच वर्षांची मुदत द्यायलाच तयार नसतात. पाच लाख, पाच वर्षे धरली तर नऊ टक्क्यांनी हप्ता १०,३७९ रुपये बसतो आणि तेरा टक्क्यांनी ११,३७७ रुपये. महिन्याला हजाराचा फरक किरकोळ वाटतो, पण पाच वर्षांत तो साठ हजारांच्या घरात जातो.

आता पेट्रोल. छोटी गाडी गाव आणि महामार्ग मिळून लिटरला सोळा देईल, १.८ टर्बो अकरा देईल असे धरा. वर्षाला ९,५०० किलोमीटरला एकीला ५९४ लिटर लागेल आणि दुसरीला ८६४. लिटरला १०४ रुपये धरले तर वर्षाचा फरक अठ्ठावीस हजार, म्हणजे पाच वर्षांत एक लाख चाळीस हजार.

विम्यातला थर्ड पार्टीचा, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीचा भाग सरकारने ठरवलेला असतो. १००० ते १५०० सीसी इंजिनाला तो वर्षाला ३,४१६ रुपये आहे आणि १५०० च्या वर गेलात की ७,८९७. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी एकदम भरावा लागतो, त्यामुळे पहिल्या दिवशी तो आकडा डोळ्यांवर येतो; पण वर्षाचा हिशेब केला तर स्वस्त तीच.

याहून महत्त्वाची गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. गाडीला शून्य घसाऱ्याची, म्हणजे बोलीभाषेतली ‘झिरो डेप’ पॉलिसी पाच-सात वर्षांनंतर मिळणे अवघड होत जाते. ती नसेल तर दाव्याच्या वेळी प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर सरसकट ५० टक्के कापले जातात आणि पाच ते दहा वर्षे वयाच्या गाडीच्या पत्र्याच्या भागांवर ४० टक्के. आजच्या मोठ्या गाडीचा पुढचा सगळा तोंडवळा प्लास्टिकचा असतो : बंपर, जाळी, हेडलाइट. दुचाकीने पुढून धडक दिली तर विमा असूनही निम्मे बिल तुमच्या खिशातून जाईल, आणि ते बिल दहा लाखांच्या गाडीचे नसेल, वीस लाखांच्या गाडीचे असेल. गाडीची किंमत सात वर्षांत निम्मी झाली म्हणून तिच्या हेडलाइटची किंमत निम्मी होत नाही.

आणखी एक. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्के अधिक उपकर यावरून १८ टक्क्यांवर आला. नव्या छोट्या गाड्या स्वस्त झाल्या म्हटल्यावर वापरलेल्या गाड्यांचे भावही खाली यायला हवेत, परंतु विकणाऱ्यांच्या डोक्यात अजून त्याआधीचे आकडे आहेत. सव्वादहा ही मागणी आहे, भाव नव्हे.

ठाणेकर_९ :

हिशोबनीस यांनी हेडलाइटचा विषय काढलाच आहे, तर माझी चित्तरकथा लिहितो. कंपनीचे नाव मीही लिहीत नाही.

२०१९ मध्ये मी पाच वर्षे वापरलेली एक जर्मन सेदान घेतली. पहिले दीड वर्ष स्वर्गात गेले. त्यानंतर एके दिवशी घोडबंदर रस्त्यावरच्या कोंडीत गाडी पहिल्यावरून दुसऱ्या गिअरमध्ये जाताना थरथरली. मी दुर्लक्ष केले. महिन्याभराने डॅशबोर्डवर गिअरच्या चाकाचे चिन्ह लुकलुकू लागले आणि गाडी मागे जाईना. अधिकृत केंद्रात नेल्यावर ‘मेकॅट्रॉनिक युनिट (गिअर बदलणारी संगणकीय यंत्रणा) गेले, क्लचही बदलावे लागतील’ असे सांगून त्यांनी एक लाख नव्वद हजारांचे अंदाजपत्रक हातात ठेवले. बाहेरच्या एका जाणकार गॅरेजने तेच काम एक लाख पंधरा हजारांत केले. पण त्या गॅरेजचा शोध, मुंबईबाहेरून सुटे भाग मागवणे, या सगळ्यात गाडी पाच आठवडे उभी होती आणि मी रिक्षाने फिरत होतो.

त्याच वर्षी सोसायटीच्या खांबाला घासून उजवा हेडलाइट फुटला. तो ७४ हजारांचा होता. विम्याने निम्मे दिले.

हे सांगून कोणाला घाबरवायचे नाही. गाडी अप्रतिम होती आणि विकताना मला वाईट वाटले. फक्त एवढे करा : अशी गाडी घेताना किमतीव्यतिरिक्त दीड-दोन लाख रुपये वेगळे बाजूला ठेवता येत असतील तरच पुढे जा. कर्ज काढून घेतलेली गाडी आणि वर रिकामा खिसा, हा योग मी भोगला आहे.

घाटवाट :

सर्वांचे आभार. हिशोबनीस, तुमचा आकडा मी रात्री पत्नीला वाचून दाखवला, ही माझी चूक झाली.

ठाणेकर, ड्युअल क्लचबद्दल थोडे अधिक लिहाल का? इथले अधिकृत सेवा केंद्र साताऱ्यात नाही, पुण्याला किंवा कोल्हापूरला जावे लागेल. दोन्ही शंभर-सव्वाशे किलोमीटरवर. बाजूला दीड लाख ठेवायचे म्हटले तर कर्ज साडेसहा लाखांवर जाईल.

नाना_गॅरेजवाले :

मी कोल्हापुरात सव्वीस वर्षे गॅरेज चालवतो आहे, त्यामुळे ड्युअल क्लचबद्दल मीच लिहितो.

या गिअरबॉक्समध्ये दोन क्लच असतात; एकावर एकी संख्येचे गिअर, दुसऱ्यावर बेकी संख्येचे. तुम्ही तिसऱ्यात असता तेव्हा चौथा आधीच लावून तयार ठेवलेला असतो, म्हणून गिअर बदललेला कळत नाही. यांत दोन जाती आहेत. एकीत क्लच तेलात बुडालेले असतात, दुसरीत कोरडे. कोरड्या जातीचे दुखणे हे की मुंगीच्या पावलाने चालणाऱ्या रहदारीत आणि चढावर गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून धरण्याच्या सवयीने क्लच तापतात आणि झिजतात. महामार्गावर तिला काही होत नाही. म्हणून मीटर किती फिरला याला फारसा अर्थ नाही, तो कुठे फिरला याला आहे. पुणे-मुंबई करणाऱ्या माणसाची ६१,००० फिरलेली गाडी आणि हिंजवडीच्या कोंडीत रोज दोन तास उभी राहिलेली ६१,००० ची गाडी, या दोन वेगळ्या गाड्या आहेत. मालकाला विचारायचा पहिला प्रश्न हाच : साहेब, आपण नोकरीला कुठे होता आणि राहायला कुठे?

पाहायला जाताना सकाळी सातला जा आणि आदल्या दिवशी सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्यावर पहिल्यांदा बोनेटवर हात ठेवा. बोनेट गरम लागले तर समजा की काहीतरी लपवण्यासाठी इंजिन आधी तापवले आहे. थंड इंजिन सुरू होताना जो आवाज करते तेच त्याचे खरे बोलणे.

मग चारी सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. वरचा भाग सगळेच पुसतात. आत गुंडाळलेला शेवटचा हात-दीड हात कोणी पुसत नाही. तिथे मातकट रेघ दिसली तर गाडी पाण्यात उभी होती. २०१९ चा कोल्हापूर-सांगलीचा पूर आणि २०२१ चा चिपळूणचा, या दोन्ही वेळी बुडालेल्या कित्येक गाड्या धुऊन-पुसून बाहेरगावी विकल्या गेल्या आहेत, त्या काही हवेत विरल्या नाहीत. मागच्या सीटखाली हात घाला, स्टेपनीच्या खळग्यातली चटई उचला, गंजाचा वास येतो का पाहा. अशा गाडीचे इंजिन चालते. वायरिंग दोन वर्षांनी रडायला लागते.

दारांची रबरी पट्टी हाताने सोलून खालचा पत्रा पाहा. कारखान्यातल्या वेल्डिंगचे ठिपके एका मापाचे, एका अंतरावर असतात. डेंटिंगवाल्याचे तसे जमत नाहीत. बोनेटच्या बिजागरीच्या आणि फेंडरच्या बोल्टवर पान्याचे ओरखडे असतील तर ते कधीतरी उघडले आहेत. सगळ्या काचांच्या कोपऱ्यात साल छापलेले असते, ते गाडीच्या सालाशी जुळले पाहिजे. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २०१८ च्या गाडीला ६१,००० वर मूळचेच टायर असतील तर ते बदलायचे आले, आणि जर ते दोनदा बदललेले असतील तर मीटर मागे फिरवला असण्याची शक्यता धरा.

स्कॅनर लावणारा माणूस बरोबर न्या. विकणाऱ्याने आदल्या रात्री दोषांचे कोड पुसले असतील तरी चांगल्या स्कॅनरवर कळते, कारण गाडीच्या स्वतःच्या तपासण्या पुन्हा पूर्ण व्हायला काही फेऱ्या लागतात आणि तोवर त्या अपूर्ण दिसतात.

शेवटी चढावर न्या. ब्रेक सोडून गाडी स्वतःहून सरकू द्या, दहा-पंधरा वेळा थांबा-सोडा करा. पहिल्या-दुसऱ्यात कंप आला तर नमस्कार करून परत या, चहासुद्धा घेऊ नका.

सर्व्हिसचा इतिहास अधिकृत केंद्रातून मालकाच्या समोर काढून घ्या. ‘बाहेर केली, ओळखीच्या मिस्त्रीकडे’ असे उत्तर आले तर भाव लाखाने कमी करा किंवा सोडून द्या.

ठाणेकर_९ :

नाना, आपण २०१९ मध्ये कुठे होतात?

नाना_गॅरेजवाले :

पुराच्या पाण्यात गॅरेजमधली अवजारे वाचवत होतो.

विदर्भवाले :

एक सूचना कागदपत्रांबद्दल. गाडी ताब्यात घेण्याआधी परिवहनच्या संकेतस्थळावर नंबर टाकून बोजा, विम्याची मुदत, थकलेली चलने आणि काळ्या यादीतली नोंद पाहून घ्यावी. पहिल्या मालकाचे कर्ज फिटले असले तरी फॉर्म ३५ आणि बँकेचे ना हरकत पत्र देऊन बोजा उतरवलेला असतोच असे नाही. मग फॉर्म २९ आणि ३० वर सह्या. विक्रेत्याने चौदा दिवसांत कळवायचे असते आणि विकत घेणाऱ्याने तीस दिवसांत नाव लावून घ्यायचे असते. विमाही चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावा, नाहीतर अपघात झाल्यास स्वतःच्या गाडीच्या नुकसानभरपाईला अडचण येते. कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन ‘नंतर करू टीटी’ (मालकी बदल) म्हणणाऱ्या एजंटाच्या नादी लागू नये. वापरलेल्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांनाही आता आरटीओचे अधिकारपत्र घ्यावे लागते. ते मागून पाहायला संकोच करू नये.

आणि कोणी दिल्लीची गाडी स्वस्तात सुचवली तर दोनदा विचार करा. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदीची टांगती तलवार असल्यामुळे त्या लवकर बाजारात येतात, पण इथे आणताना ना हरकत, पुन्हा नोंदणी आणि महाराष्ट्राचा कर भरावा लागतो, तेव्हा स्वस्ताई बरीचशी आटते. हे आपल्या धागाकर्त्यांना लागू नाही, तरी धागा वाचणाऱ्या इतरांसाठी लिहून ठेवतो.

सावकाश :

सुरक्षिततेचा मुद्दा कोणीच कसा काढला नाही? मोठ्या गाडीत सहा एअरबॅग असतात, वजन असते, रस्ता धरून चालते. घाटात बायकामुले बरोबर असताना मी छोट्या गाडीवर विश्वास ठेवणार नाही.

हिशोबनीस :

पाच वर्षांपूर्वी मी हेच लिहिले असते. आता चित्र बदलले आहे. २०२४ ची नवी स्विफ्ट सर्व प्रकारांत सहा एअरबॅग आणि ईएसपीसह (गाडी घसरण्यापासून सावरणारी यंत्रणा) येते, पंचला २०२१ मध्येच ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत पाच तारे मिळाले, आणि ऑक्टोबर २०२३ पासून आपल्याकडे भारत एनकॅपही सुरू झाले. जड गाडीचा फायदा भौतिकशास्त्राने दिलेला आहे, तो मी नाकारत नाही. परंतु ज्या गाडीला तारे मिळाले ती कारखान्यातून आलेली असते. डेंटिंगवाल्याने खांब ओढून सरळ केलेली गाडी कोणी चाचणीला नेलेली नसते, आणि वापरलेली गाडी घेताना ती कुठल्या जातीची आहे हे शोधण्याचे काम आपल्यावर येते.

कुंभार्लीकर :

मी चिपळूणचा. कुंभार्ली महिन्यातून चारदा चढतो, सध्या छोटी एएमटी आहे. एएमटी म्हणजे साधाच गिअरबॉक्स, फक्त क्लच आणि गिअर यंत्र बदलते. वळणावर चढ असताना ती नेमकी नको तेव्हा गिअर बदलते आणि गाडी क्षणभर गुदमरते. उपाय सोपा आहे : घाट सुरू झाला की मॅन्युअलवर घ्यावी आणि दुसऱ्या-तिसऱ्यात स्वतः चढवावी. ऐंशी-ब्याऐंशी अश्वशक्तीची गाडी चार माणसे आणि एसीसकट चढते, तक्रार नाही; पण समोर उसाची ट्रॉली किंवा एसटी आली तर ओलांडण्याचा विचार मनातून काढून टाकावा. टर्बोवाला माणूस ती ओलांडून जातो आणि घाटमाथ्यावर आपल्या आधी दहा मिनिटे चहा पीत बसतो. दहा मिनिटांचा हा चहा केवढ्याला पडतो ते हिशोबनीस सांगतील.

पावसाळ्यात त्या रस्त्याला जे खड्डे पडतात त्याबद्दलही बोलले पाहिजे. सेदानचा पोटाखालचा भाग आणि बारीक कडांचे रुंद टायर यांना ते सोसत नाहीत. माझ्या भावाच्या मोठ्या गाडीचे एका जुलैत दोन टायर फुगले.

अबोली :

संपूर्ण धागा वाचला. गिअरबॉक्स, हेडलाइट, जीएसटी, एनकॅप सगळे आले. धागाकर्त्यांनी पहिल्याच लेखनात लिहिले आहे की गाडीत एकाहत्तर वर्षांच्या आई बसणार आहेत आणि सध्याची गाडी वॅगनआर आहे. त्यांच्या गुडघ्यांची काय परिस्थिती आहे, हे एकानेही विचारले नाही.

माझ्या सासूबाईंचा अनुभव सांगते. आमच्याकडे उंच गाडी होती तोवर त्या दार उघडून आपल्या आपण बसत, कारण सीट त्यांच्या कमरेच्या उंचीला होती. नुसते टेकायचे आणि पाय आत घ्यायचे. सेदान आल्यावर त्यांना खाली ‘उतरून’ बसावे लागू लागले आणि बाहेर येताना कोणीतरी हात द्यावा लागे. त्यांनी तक्रार कधीच केली नाही. फक्त हळूहळू ‘तुम्ही जाऊन या, मी घरीच बरी आहे’ असे म्हणू लागल्या, आणि त्याचे कारण आम्हाला कळायला वर्ष गेले.

घरातून टेप घेऊन जा आणि जमिनीपासून सीटच्या कडेपर्यंतची उंची मोजा. आधी आपल्या वॅगनआरची, मग बाकीच्यांची.

घाटवाट :

अबोलीताई, काय लिहू? आईचा उजवा गुडघा तीन वर्षांपासून दुखतो. मला हे माहीत होते आणि तरीही सुचले नाही.

घाटवाट :

आठ दिवसांनी लिहितो आहे. रविवारी सकाळी पावणेसातला पुण्यात त्या गृहस्थांच्या दारात पोचलो. बरोबर मेहुणा, एक स्कॅनरवाला आणि, अबोलीताईंच्या सांगण्यावरून, आई. बोनेट गार होते. नानांनी लिहिलेले सगळे क्रमाने केले. मेहुण्याने तर तो प्रतिसाद छापूनच आणला होता. चारी पट्टे शेवटपर्यंत ओढले, आतून नव्यासारखे स्वच्छ निघाले. वेल्डिंगचे ठिपके एका ओळीत. काचा सगळ्या २०१८ च्या. टायर २०२२ मध्ये एकदाच बदललेले. मालक नोकरीनिमित्त आठवड्यातून एकदा नाशिकला जाऊन येत. गावात त्यांच्याकडे स्कूटर होती. सर्व्हिसचे एकूण एक कागद तारखेनुसार फायलीत लावलेले. सिंहगड रस्त्याकडून वडगावच्या चढावर वीस वेळा थांबा-सोडा केले, गाडी लोण्यासारखी चालली. स्कॅनरवाला म्हणाला की इतकी स्वच्छ गाडी वर्षातून एखादीच पाहायला मिळते. गृहस्थ नऊ लाख साठ हजारांपर्यंत खाली आले.

मग आईला बसवले. ती बसली, सीटवरून हात फिरवला आणि ‘छान आहे हो’ म्हणाली. आम्ही एक चक्कर मारून आलो. उतरताना तिने डावा हात दाराच्या चौकटीला धरला, उजवा सीटच्या पाठीला, एकदा प्रयत्न केला, परत टेकली, आणि माझ्याकडे न पाहता हात पुढे केला. मी टेप काढली. वॅगनआरची सीट २४ इंच भरली होती, हिची साडेएकोणीस.

परतीच्या वाटेवर खेड शिवापूरच्या अलीकडे मेहुणाच म्हणाला की दाजी, राहू दे. त्याच संध्याकाळी साताऱ्यात आईला दोन उंच छोट्या गाड्यांमध्ये बसवले. एकीचे दार अगदी काटकोनात उघडते. तिथून ती कोणाचाही हात न घेता उतरली आणि विक्रेत्याला ‘याचा रंग कोणता कोणता आहे’ असे विचारू लागली. काल नोंदणीची रक्कम भरली. मला मनापासून विचाराल तर ती सेदान अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

हिशोबनीस :

अभिनंदन. एक काम विसरू नका : वॅगनआर विकताना विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचे पत्र लिहून घ्या. बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. सलग पाच वर्षे दावा केलेला नसेल तर तो ५० टक्क्यांपर्यंत असेल, आणि नव्या गाडीच्या विम्यातील स्वतःच्या नुकसानीच्या भागावर तो तसाच मिळेल. शोरूमचा माणूस हे आपणहून सांगेलच असे नाही. पर्यावरण कराचा प्रश्नही वॅगनआर पंधरा वर्षांच्या आत विकली तर तुमच्यापुरता मिटला.

अबोली :

आईंना रंग कोणता आवडला?

घाटवाट :

लाल. पत्नीला पांढरा हवा होता. लालच सांगितला आहे.

नाना_गॅरेजवाले :

घाटवाट साहेब, अभिनंदन. नऊ साठची ती सेदान अजून तिथेच उभी असेल तर त्या गृहस्थांचा नंबर मला व्यक्तिगत निरोपातून पाठवाल का? आमच्या घरी कोणाचे गुडघे दुखत नाहीत आणि क्लच मी स्वतः बदलतो.